आपल्या पावसातलं आम्ल जातं कुठे?

२०२५ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने एक अधिसूचना काढली. कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रांनी धुरातला गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसवावी, अशी सक्ती २०१५ पासून होती. मुदती मात्र सारख्या पुढे ढकलल्या जात होत्या. या नव्या अधिसूचनेने देशातल्या तीन चतुर्थांशाहून जास्त केंद्रांना, चिमणीच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर, त्या सक्तीतून मोकळं केलं. तेव्हापासून आम्लवर्षा, म्हणजे ॲसिड रेन, हा शब्द पुन्हा चर्चेत आला आहे.

या चर्चेत दोन सूर ऐकू येतात. एक व्हॉट्सॲपवरचा: पहिल्या पावसात भिजू नका, कातडी जळेल, केस गळतील. दुसरा जरा जाणकारांचा: आम्लवर्षा ही युरोप-अमेरिकेची जुनी गोष्ट, आपल्याकडे ती नाहीच. पहिलं म्हणणं चूक आहे. दुसरं अर्धं खरं आहे, आणि मला काळजी वाटते ती त्या अर्ध्या खऱ्याची. ती का, हे कळायला आधी आम्लवर्षा म्हणजे नेमकं काय ते पाहू.

सगळाच पाऊस थोडा आंबट असतो

आम्लता मोजायच्या मापाला सामू म्हणतात, शाळेच्या पुस्तकात त्यालाच पीएच म्हटलेलं असतं. शेतकऱ्यांना तो माती परीक्षणाच्या अहवालामुळे ओळखीचा असतो. हे माप साधारण ० ते १४ असं चालतं. ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क. त्याच्या खाली जाल तसं आम्ल वाढतं, वर जाल तसा अल्कधर्म. मेख अशी की यातली प्रत्येक पायरी दहा पटींची आहे. सामू ५ असलेलं पाणी ६ वाल्यापेक्षा दहापट आम्ल असतं आणि ४ वालं शंभरपट. म्हणून 'सामू ५.६ वरून ४.६ वर आला' ही बातमी वाचताना किरकोळ वाटली तरी ती किरकोळ नसते.

अगदी स्वच्छ हवेतल्या पावसाचाही सामू ७ नसतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड थेंबात विरघळतो आणि सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होतं, त्यामुळे तो ५.६ च्या आसपास येतो. ज्वालामुखी, समुद्रातले सूक्ष्मजीव, जंगलं हेही आपापली भर घालतात. त्यामुळे दूरच्या निर्मनुष्य बेटावर ५ च्या जवळचा पाऊस मिळाला, तरी दोष कोणाच्या चिमणीचा नसतो. आम्लवर्षा म्हणतात ती माणसाने हवेत सोडलेल्या वायूंमुळे याहून खाली गेलेल्या पावसाला. त्यात धुकं, बर्फ आणि दवही आलं. इतकंच काय, पाऊस नसताना वायू आणि कण थेट झाडांवर, दगडांवर, मातीवर बसतात तेही त्यातच धरतात. हा कोरडा भाग आपल्या देशात फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे पुढे येऊ.

हे आम्ल येतं कुठून?

मुख्यतः दोन वायूंपासून. कोळशात आणि खनिज तेलात थोडं गंधक असतंच. ते जळलं की सल्फर डायऑक्साइड होतो. हा वायू ढगातल्या थेंबात शिरला, की काही तासांत ते काही दिवसांत त्याचं गंधकाम्ल, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड बनतं. दुसरे नायट्रोजनचे ऑक्साइड. इंजिनात आणि भट्टीत उष्णता इतकी असते, की हवेतला एरवी निवांत असणारा नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो, आणि त्यातून पुढे नायट्रिक ॲसिड तयार होतं.

भारतीय कोळशात गंधक कमी असतं, साधारण अर्धा टक्का किंवा त्याहूनही कमी, आणि राख भरपूर. हे खरं आहे, आणि ते नेहमी सांगितलं जातं. पण २०२४-२५ मध्ये देशाचं कोळसा उत्पादन १०० कोटी टनांच्या पुढे गेलं. त्याचा अर्धा टक्का म्हणजे ५० लाख टन गंधक. जळताना गंधक आपल्या वजनाइतकाच ऑक्सिजन धरतं, म्हणजे वायू झाला एक कोटी टन. थोडं गंधक राखेत राहतं, सगळा कोळसा अर्ध्या टक्क्याचा नसतो, हे जमेस धरलं तरी आकड्याचा अंदाज येतो. उपग्रहांच्या मोजणीवर आधारलेल्या अभ्यासांनुसार मानवनिर्मित सल्फर डायऑक्साइड सोडण्यात भारत चीनला मागे टाकून जगात पहिला झाला आहे.

युरोपात चिमण्या उंच केल्या आणि मासे मेले

कारखान्यांच्या गावात पाऊस आम्ल होतो, हे रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने १८५२ मध्ये मँचेस्टरच्या पावसावरून दाखवलं होतं. १८७२ च्या पुस्तकात त्याने 'ॲसिड रेन' हा शब्दही वापरला. पण शंभर वर्षं हा प्रश्न त्या त्या गावाचा मानला गेला, आणि उपायही गावापुरताच झाला: चिमण्या उंच करा. कॅनडातल्या सडबरी इथल्या निकेलच्या कारखान्याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ३८१ मीटर उंचीची चिमणी उभारली. खाली राहणाऱ्यांना दिलासा मिळाला. वायूला मात्र वरचा वारा मिळाला, आणि आम्ल बनायला लागणारा वेळही.

स्वीडन आणि नॉर्वेच्या दक्षिण भागात तोवर नद्यांमधला सामन मासा नाहीसा होऊ लागला होता. त्या भागात मोठे कारखाने फारसे नव्हते. १९६७ मध्ये स्वान्ते ओडेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने वर्तमानपत्रात लेख लिहून दाखवून दिलं, की हे गंधक ब्रिटन आणि मध्य युरोपातून वाऱ्यावर येतं आहे. १९७२ मध्ये स्टॉकहोमला संयुक्त राष्ट्रांची पर्यावरण परिषद झाली (इंदिरा गांधी याच परिषदेत बोलल्या होत्या), तिथे स्वीडनने हा विषय जगापुढे मांडला. एका देशाचा धूर दुसऱ्या देशाची तळी मारतो, हे तोवर कोणी अधिकृतपणे मान्य केलं नव्हतं.

मासे मेले कसे, हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. मातीत ॲल्युमिनियम भरपूर असतं, पण ते खनिजांत घट्ट बांधलेलं असतं. मातीतलं पाणी आम्ल झालं की ते सुटतं, ओढ्यातून तळ्यात येतं आणि माशाच्या कल्ल्यांवर बसतं. माशाला श्वास घेता येत नाही, शरीरातले क्षार टिकवता येत नाहीत. आधी अंडी आणि पिल्लं जातात, म्हणून तळ्यात काही वर्षं फक्त म्हातारे मासे दिसतात आणि मग एकही नाही. अशा तळ्याचं पाणी गढूळ नसतं. ते नितळ, निळंशार दिसतं.

मग इतकी वर्षं हे लक्षात का आलं नाही? कारण मातीत आम्ल पचवायची ताकद असते. चुना, म्हणजे कॅल्शियम, आणि मॅग्नेशियमचे क्षार आम्लाला निष्प्रभ करतात आणि त्यात स्वतः खर्च होतात. ही बँकेतली जुनी शिल्लक समजा. घरात येणारा पैसा कमी आणि खर्च जास्त असला, तरी शिल्लक आहे तोवर संसार बाहेरून ठीकच दिसतो. ती संपते त्या महिन्यात एकदम सगळं कळतं. स्कँडिनेव्हियात खडक ग्रॅनाइटचे, माती पातळ, म्हणजे शिल्लक मुळातच थोडी होती.

आणि ही शिल्लक परत भरायला फार वेळ लागतो. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक या जंगलात १९६३ पासून पावसाची नोंद ठेवली जाते. तिथल्या पावसातलं आम्ल १९९० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर खूप उतरलं. अमेरिकेतल्या वीज केंद्रांचा सल्फर डायऑक्साइड तेव्हाच्या मानाने ९० टक्क्यांहून जास्त घटला आहे. पण मातीतला कॅल्शियम परत आला नाही. म्हणून १९९९ मध्ये संशोधकांनी तिथल्या एका पाणलोटात हेलिकॉप्टरमधून कॅल्शियमयुक्त खनिजाची पूड पेरून पाहिली, आणि झाडांची वाढ सुधारली. माती किती खंगली होती, याचा तो पुरावाच.

अंगावर पडला तर भाजतो का?

नाही. आपल्या त्वचेचाच सामू ५ च्या आसपास असतो. आम्लवर्षेचा बहुतेकदा ४ ते ४.५ असतो, म्हणजे साधारण ताकाइतका. ताकाने कोणाची कातडी जळत नाही. भिजायला हरकत नाही.

रंगीत पाऊस ही आणखी वेगळी गोष्ट. डोंबिवलीत २०१४ च्या जानेवारीत हिरवट पाऊस पडला होता, तेव्हाही आम्लवर्षेची बरीच बोलाबोली झाली. रंग दिसतो तो पावसात मिसळलेल्या कणांचा. ते कण घातक असू शकतात, त्यांची चौकशी व्हायलाच हवी, पण आम्लाला रंग नसतो, वास नसतो. ते ओळखायला मोजावंच लागतं.

मग इतकं गंधक जाळूनही आपली तळी का मेली नाहीत?

धुळीमुळे. भारताच्या हवेत वर्षातले सात-आठ महिने माती तरंगत असते: थरच्या वाळवंटाची, नांगरलेल्या शेतांची, कच्च्या रस्त्यांची, बांधकामांची. या मातीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, भरपूर असते. ढगातल्या किंवा पडत्या थेंबात ती मिसळली, की आम्ल तिथल्या तिथे मारलं जातं. शिवाय गुरांच्या शेणामुतातून आणि युरियातून निघणारा अमोनिया हाही अल्कधर्मी वायू. जोधपूरसारख्या ठिकाणी तर पावसाचा सामू ७ च्या जवळ किंवा वर जातो.

मोजमाप कसं होतं, यावरही बरंच अवलंबून असतं. तुम्ही गच्चीवर पातेलं ठेवलंत तर त्यात आधी धूळ पडेल, मग पाऊस, आणि सामू आहे त्यापेक्षा वर दिसेल. म्हणून शास्त्रीय नमुन्यासाठी झाकणाचं यंत्र वापरतात. त्याच्या संवेदकावर थेंब पडला की झाकण सरकतं, पाऊस थांबला की बंद होतं. भारतीय हवामान विभागाची पावसाच्या रसायनांवर लक्ष ठेवणारी दहा केंद्रं आहेत, त्यांत पुणे आणि नागपूर आहेत. पुण्याची आयआयटीएम, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, सिंहगडावरच्या पावसाचाही अभ्यास करत आली आहे.

या नोंदींतून व्हॉट्सॲपच्या उलट चित्र दिसतं. आपल्याकडे पहिल्या सरींत घाण सर्वांत जास्त असते हे खरं, पण धूळही तिच्यातच असते, त्यामुळे आम्ल बऱ्याच अंशी दबतं. सामू घसरायची शक्यता जास्त ती नंतर, सततच्या पावसाने धूळ धुऊन निघाल्यावर. आणि दीर्घकाळाचा कल घसरणीचाच आहे. हवामान विभाग आणि आयआयटीएम यांनी १९८७ ते २०२१ या काळातल्या नोंदी तपासल्या, तेव्हा बहुतेक केंद्रांवर सामू खाली येताना दिसला. विशाखापट्टणम, प्रयागराज आणि आसामातलं मोहनबारी ही नावं त्यात ठळकपणे पुढे आली.

आणि ताजमहाल?

न्हाणीघराच्या शहाबादी फरशीवर कधी ॲसिड सांडलेलं पाहिलं असेल, तर ताजमहालाचं रसायनशास्त्र तुम्ही पाहिलेलं आहे. ॲसिड पडल्या पडल्या फस्सकन फेस येतो आणि तेवढा भाग खरखरीत होतो. शहाबादी ही चुनखडीच, संगमरवरही त्याच घराण्यातला. गंधकाम्ल त्यावर बसलं, की वरच्या थराचं जिप्सम होतं, आणि ते मऊ जिप्सम धुऊन जातं किंवा पोपड्यासारखं सुटतं. आपल्या गडकोटांच्या काळ्या बेसॉल्टचं असं होत नाही.

आग्र्याला मात्र पावसापेक्षा कोरड्या मार्गाचा धोका मोठा. वायू दगडावर बसतो, हिवाळ्यातल्या पहाटेच्या दवात विरघळतो आणि तिथेच आम्ल बनतो. मथुरेची रिफायनरी, ओतकामाच्या भट्ट्या, कोळसा यांवरून पुष्कळ वर्षं खटला चालला, आणि १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने २९२ उद्योगांना कोळसा सोडून गॅसवर या किंवा स्थलांतर करा, असा आदेश दिला. ताजचा सगळा पिवळेपणा मात्र आम्लाच्या माथी मारू नये. नंतरच्या अभ्यासांत त्यामागे काजळी, जळणाचे सेंद्रिय कण आणि धूळ यांचा मोठा वाटा दिसला आहे.

'धूळ वाचवते आहे ना, मग बिघडलं कुठे?'

हा प्रश्न मनात येणं साहजिक आहे, आणि इथेच ते अर्धं खरं तोकडं पडतं.

आम्ल मारलं गेलं म्हणजे गंधक नाहीसं झालं असं नाही. सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फेट होतं, आणि अमोनियाशी जोडी जमली की अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. पीएम २.५ म्हणतात त्यातला हा मोठा घटक. पावसाचा सामू चांगला दिसला, तरी उरलेले आठ महिने हे कण फुफ्फुसात जात असतात. पाऊस शाबूत राहिला, याचं समाधान मानताना छातीत काय साचतं हे सोडून दिलं जातं.

दुसरं असं, की हीच धूळ आपल्याला कमी करायची आहे आणि करायलाच हवी. २०१९ पासून चाललेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातला बराचसा पैसा रस्त्यांच्या धुळीवरच खर्च झाला आहे. धूळ खाली आली आणि गंधक तिथेच राहिलं, तर पावसाला कोण सावरणार? ही भीती कल्पनेतली नाही. युरोप-अमेरिकेत कारखान्यांची राख आणि धूळ आधी आटोक्यात आली. गंधक घटूनही पाऊस अपेक्षेइतका सुधारला नाही, याचं एक कारण हवेतला कॅल्शियमही घटला होता, हे संशोधकांना १९९० च्या दशकात कळलं. आम्लाला उतारा असलेली धूळ आधी निघून गेली होती.

तिसरं, सगळा देश चुनखडीवर बसलेला नाही. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या जमिनीचा सामू ८ च्या घरात असतो, तिला पुष्कळ आम्ल पचेल. पण कोकण आणि गोव्याची जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असते, तिच्यातला चुना आधीच पावसाने धुऊन नेलेला. केरळ आणि ईशान्य भारतही त्याच वर्गातले. अमोनियाचाही इथे भरवसा धरता येत नाही. तो पावसातलं आम्ल मारतो, पण मातीत उतरल्यावर जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि त्या क्रियेत माती पुन्हा आम्लच होते.

सरकारचं म्हणणं काय होतं?

अधिसूचनेमागची कारणं थोडक्यात अशी. आपला कोळसा कमी गंधकाचा. शहरांच्या हवेत सल्फर डायऑक्साइड जवळपास सगळीकडे मर्यादेच्या, म्हणजे दिवसाला घनमीटरमागे ८० मायक्रोग्रॅमच्या आत. यंत्रणा महाग, त्यामुळे वीज महागणार. शिवाय यंत्रणेला लागणारी चुनखडी खणा, वाहून न्या, यंत्रणा चालवायला वीज जाळा, त्यातून कार्बन डायऑक्साइडच वाढणार.

यातलं खर्चाचं म्हणणं खोटं नाही. पण शहरातल्या मोजणीचा मुद्दा मला पटत नाही. चिमणीतून निघालेला वायू वाटेत सल्फेट होत जातो. त्यामुळे दूरच्या शहरात सल्फर डायऑक्साइड कमी भरणारच, तिथे तो पीएम २.५ च्या खात्यात गेलेला असतो. उंच चिमणी पुरेशी, हा युक्तिवाद स्वीडनच्या माशांनी पन्नास वर्षांपूर्वीच खोटा ठरवला आहे.

आणि हे तंत्र नवं नाही. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३० च्या दशकात धूर धुतला जात होता. बहुतेक ठिकाणी चुनखडीची पूड पाण्यात कालवून ते पाणी मोठ्या मनोऱ्यात धुरावर फवारतात. गंधकाचा ९० टक्क्यांहून जास्त वायू त्यात अडकतो आणि जिप्सम तयार होतं. संगमरवरावर घडतं तेच इथे मुद्दाम, बंद मनोऱ्यात घडवायचं.

डहाणूने काय केलं

महाराष्ट्राला याचा स्वतःचा अनुभव आहे. डहाणू तालुका चिकूच्या बागांचा. १९९१ मध्ये केंद्राने तो पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर केला, आणि १९९५ मध्ये तिथेच ५०० मेगावॉटचं कोळशाचं वीज केंद्र सुरू झालं. बागायतदार आणि कार्यकर्ते त्याआधीच न्यायालयात गेले होते. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणूसाठी प्राधिकरण नेमलं गेलं, आणि त्याने १९९९ मध्ये गंधक काढायची यंत्रणा बसवायला सांगितलं. ती बसून चालू व्हायला २००७ उजाडलं, पण झाली. तिथे चुनखडीही लागत नाही. समुद्राचं पाणी मुळात थोडं अल्कधर्मी असतं, ते धुरावर सोडतात. वायू त्यात विरघळतो, मग त्या पाण्यात हवा सोडून गंधकाचं सल्फेट करतात. सल्फेट समुद्रात आधीपासूनच भरपूर असतं. ट्रॉम्बेच्या वीज केंद्रात ही पद्धत त्याच्याही आधीपासून आहे.

चंद्रपूरचं केंद्र २९२० मेगावॉटचं, म्हणजे डहाणूच्या जवळजवळ सहापट, आणि तिथे समुद्र नाही. पण चंद्रपूर जिल्ह्यातच, राजुरा-कोरपना पट्ट्यात, चुनखडीच्या खाणी आहेत आणि त्यांवर चालणारे सिमेंटचे कारखाने आहेत. सिमेंट दळताना त्यात जिप्सम घालावं लागतं. धूर धुतल्यावर हाती येतं ते जिप्समच.